रातकिडे मरून राहिले, मीलवर्मच्या कोंड्यात माइट: खेड्यात ड्रॅगनसाठी किडे कसे टिकवायचे?

वर्धेकाठचा (ता. आर्वी)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन बिअर्डेड ड्रॅगन (किडे आणि पाला खाणारे पाळीव सरडे) आहेत, एक पूर्ण वाढलेला, एक तीनेक महिन्यांचं पिलू. मार्च लागला की नागपूरहून येणाऱ्या पार्सलमध्ये निम्मे किडे मेलेले निघतात, म्हणून घरीच पैदास करायची आहे. सध्याची मांडणी अशी:

रातकिडे: ४० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, तळाशी दोन इंच गव्हाचा कोंडा, त्यातच काकडी-गाजर आणि पाण्याची वाटी. आठवड्यात उग्र वास सुटतो आणि मोठे रातकिडे पटापट मरतात. अंडी घालायला वावरातली काळी माती ओली करून ठेवली होती, पिल्लं निघालीच नाहीत.

मीलवर्म (धान्यातल्या भुंग्याच्या अळ्या): कोंड्यावर बारीक तपकिरी धूळ दिसते आणि ती हलते. भुंगे सुस्त पडले आहेत.

खोली टिनाची, दुपारी कुलर चालतो, लाइटचा भरवसा नाही. वावरात नाकतोडे भरपूर आहेत, ते पकडून दिले तर चालते का? आणि कॅल्शियम पावडर महाग पडते, पानाचा चुना लावून किडे दिले तर?

रातराणी_अकोट

आधी शेवटचं. पानाचा चुना अजिबात नको. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक असतो. ड्रॅगनचं तोंड आणि घसा भाजेल. लागतो तो कॅल्शियम कार्बोनेट. बाकी त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच, मी रातकिड्यांचं सांगते.

तुमचे रातकिडे उन्हानं कमी आणि कोंदटपणानं जास्त मरून राहिले. तळाच्या कोंड्यात विष्ठा, काकडीचं पाणी आणि मेलेले किडे एकत्र कुजतात, त्यातून अमोनिया निघतो. तोच तो उग्र वास. अमोनिया डब्यात साचतो आणि खिळ्याच्या भोकांतून बाहेर पडत नाही. वास आला म्हणजे मर सुरू झालीच समजा.

डबा रिकामा करा, धुवा, उन्हात वाळवा. समोरासमोरच्या दोन बाजूंना साधारण १५ बाय २० सेंमीची खिडकी कापा, एक खाली आणि एक वर, म्हणजे हवा आरपार जाते. त्यावर स्टीलची बारीक जाळी ग्लूगनने चिकटवा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावू नका, रातकिडे ती कुरतडून बाहेर पडतात. आतून वरच्या १० सेंमी पट्ट्यावर गुळगुळीत पॅकिंग टेप फिरवा, त्यावरून त्यांना चढता येत नाही.

तळाशी काहीच टाकायचं नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे घ्या आणि ते आडवे न ठेवता पुस्तकासारखे उभे लावा, विष्ठा आपोआप खाली पडते. आठवड्यातून एकदा ट्रे उचलून दुसऱ्या डब्यात झटकायचे आणि तळ पुसून घ्यायचा. ४० लिटरच्या डब्यात मोठे रातकिडे दोनशेच्या वर नकोत. गर्दी झाली की एकमेकांना खातात, विशेषतः नुकती कात टाकलेल्या मऊ किड्यांना.

खाणं कोरडं आणि उथळ झाकणात, खिडकीपासून लांब. गव्हाचा कोंडा ४ भाग, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ २ भाग, शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची पूड १ भाग. सोयाबीन कच्चं दळू नका, त्यात पचन अडवणारा घटक असतो, तो भाजल्यावर जातो. प्रथिनं कमी पडली की एकमेकांचे पाय आणि पंख खाणं वाढतं. पाण्याची वाटी काढून टाका, त्यात बुडून मरतात. झाकणात ओला कापूस किंवा स्पंजचा तुकडा ठेवा, दर दोन दिवसांनी बदला. गाजराची फोड सकाळी ठेवली तर संध्याकाळी काढायची.

आता अंडी. काळी माती चुकीची निवड आहे. वाळताना ती आवळते आणि भेगा पडतात, अंडी त्यातच दाबली जातात. कोकोपीट घ्या, नाही तर नदीची बारीक वाळू चाळून, धुवून, उन्हात तापवून. आइस्क्रीमच्या डब्यात ४ ते ५ सेंमी थर द्या. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढाच ओलावा. वर स्टीलची जाळी टेकवा. मादी जाळीतून सुई खुपसून अंडी घालते, पण बाकीच्यांना ती उकरून खाता येत नाहीत. मादी ओळखणं सोपं: शेपटीच्या दोन केसांमध्ये तिसरी लांब सुई दिसते ती मादी. तीस माद्यांना दहा-बारा नर पुरतात.

हा डबा दोन दिवसांनी काढून झाकण लावून वेगळा ठेवा आणि नवा आत ठेवा. ३० ते ३२ अंशांना नऊ ते बारा दिवसांत पिल्लं निघतात, थंडीत जास्त दिवस लागतात. निघालेली पिल्लं सुईच्या टोकाएवढी असतात आणि कोरड्या हवेत काही तासांत सुकून मरतात. आपल्याकडे मे महिन्यात पिल्लं दिसत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच. म्हणून पिल्लांच्या डब्यात ओलं सुती फडकं घडी करून ठेवा, आणि कुलरच्या झोतात डबा नकोच. मोठ्यांना कोरडं, अंड्यांना आणि पिल्लांना ओलसर. दोघांना एकाच डब्यात ठेवलं की एक तरी मरणारच.

पिलापासून मोठा व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणून दर आठवड्याला एक अंड्यांचा डबा बाजूला निघाला पाहिजे. एकदम दोनशे पिल्लं काढली तर महिनाभर चंगळ आणि नंतर उपास.

कवेलूघर

मीलवर्मचं मी सांगतो. ती धूळ म्हणजे कोंड्यातले माइट (अगदी बारीक जीव), दुसरं काही नाही. चिमूटभर बोटांत चोळून वास घ्या, पुदिन्यासारखा येईल. किड्यांना ते चावत नाहीत, पण खाणं आणि हवा दोन्ही खातात आणि भुंगे कमजोर होतात. कारण तुमच्याच मजकुरात हाय: कुलर आणि काकडी. कोंडा ओला झाला की माइट आलेच.

औषध मारू नोका. माइटचं औषध मीलवर्मलाही सोडत नाही. सगळं चाळा, भुंगे, अळ्या, कोश हातानं वेचून कोरड्या नव्या कोंड्यात घाला. जुना कोंडा ढोरांना टाकू नोका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर उन्हात ठेवा आणि मग उकिरड्यावर फेका. डबाही उन्हात तापवा.

नवा कोंडा कुठला घेता हे पहा. पशुखाद्याच्या दुकानातल्या तयार मिश्रणात कधी युरिया आणि मीठ मिसळलेलं असते, ते चालत नाही. फक्त गव्हाचा चोकर मागा. सरकी ढेप पण नको, तिच्यात गॉसिपॉल हा विषारी घटक असते. घरच्या गव्हाच्या पिठाचा चाळलेला कोंडा सगळ्यात चांगला, फक्त गहू साठवताना त्यात धुरीची गोळी टाकलेली नसावी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा धूर किड्यांसाठीच बनला हाय, आणि माणसालाही मारतो. ती गोळी जिथं वापरली त्या खोलीत किड्यांचा डबा ठेवायचाच नाही.

आणलेल्या कोंड्यात आधीच सोंडे-अळ्यांची अंडी असतात. डीप फ्रीजर असेल तर तीन दिवस गोठवा. नसेल तर एप्रिल-मेचं ऊन फुकटात मिळून राहिलं न. काळ्या ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दगडानं दाबा, दुपारी चारेक तास ठेवा. आतलं तापमान साठच्या वर जाते, काहीच जगत नाही. पावसाळा पुरेल एवढा कोंडा याच दिवसांत तापवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. ऑगस्टमध्ये ऊन शोधत बसाल तर मिळणार नाही.

मांडणी तीन टोपल्यांची. पहिलीत भुंगे, चार-पाच सेंमी कोंडा. भुंगे आपलीच अंडी आणि कोश खातात, म्हणून दर बारा-चौदा दिवसांनी भुंगे चाळून नव्या टोपल्यात हलवा, जुन्या कोंड्यात अंडी राहू द्या. तिथं अळ्या वाढतात, त्याला दोन-अडीच महिने धरा. तिसऱ्यात फक्त कोश. कोंडा खाऊन संपला की खाली वाळूसारखा भुसा उरतो, तो पिठाच्या चाळणीनं गाळा. झाडांना चांगलं खत.

पाण्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची जाड फोड, सालीची बाजू खाली ठेवून. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, आणि त्याच रात्री काढायची. काकडी बंद.

आता कडू गोष्ट. मीलवर्मला पंचवीस ते अठ्ठावीस अंश मानवतात. तिसाच्या वर वाढ मंदावते, पस्तिसाच्या पुढे कोश धड होत नाहीत आणि भुंगे अंडी घालणं सोडतात. टिनाच्या खोलीत मे महिन्यात मीलवर्मची पैदास होत नाही, त्यासाठी जीव काढू नोका. एप्रिलच्या सुरुवातीलाच मोठ्या अळ्या चाळून जाळीच्या झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रिजच्या खालच्या खणात, आठ-दहा अंशांवर ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर गाजर द्या आणि परत ठेवा. दोनेक महिने टिकतात. दोन-तीन तास लाइट गेली तरी फ्रिज उघडला नाही तर काही होत नाही. भुंगे मात्र थोडेच राखा, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. कवेलूचं किंवा मातीचं घर असेल तर तिथं, टिनाखाली नाही.

सुपरवर्म असतील तर फ्रिजमध्ये टाकू नोका. ते दिसायला मीलवर्मसारखे, पण थंडीनं मरतात.

डुबियावाला_वरुड

कवेलूघरांचं सगळं मान्य, पण मुळातच मीलवर्मवर भिस्त ठेवू नये असं माझं मत. विदर्भात जानेवारीच्या रात्री दहा अंशांखाली आणि मेची दुपार पंचेचाळीसच्या पुढे. एकच किडा बारा महिने एकाच मांडणीत चालणार नाही. कायम साठा डुबिया झुरळांचा, वरून रातकिडे, आणि मीलवर्म हिवाळ्यात, चवीपुरते.

डुबिया गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाही, मोठे उडत नाहीत, वास कमी, आवाज नाही. तीस अंशांच्या आसपास भरपूर वाढतात, म्हणजे आपला मार्च ते ऑक्टोबर जवळपास फुकटात. मादी अंडी बाहेर टाकत नाही, जिवंत पिल्लं देते, एका खेपेला वीस ते तीस. दोन खेपांमध्ये दोन-अडीच महिने. नर पंखवाला, मादीला नुसते आखूड पंखांचे तुकडे. चार-पाच माद्यांना एक नर.

हिशेब घाला: चाळीस माद्या, पंचवीस पिल्लं, अडीच महिने, म्हणजे महिन्याला कागदावर चारशे. प्रत्यक्षात निम्मे धरा. मोठ्या ड्रॅगनला ते पुरून उरतात. पण पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने लागतात, म्हणून पहिले सहा-सात महिने माद्या आणि वाढणारी पिल्लं खाऊ घालायची नाहीत. इथंच लोकांचा धीर सुटतो. जास्तीचे नर तेवढे खुशाल द्या.

थंडीत पंचवीस अंशांखाली पैदास थांबते, किडे मरत मात्र नाहीत. मासे येतात तो थर्माकोलचा खोका घ्या, त्यात डबा ठेवा, बाजूला थर्मोस्टॅटची हीटिंग मॅट. मॅट तळाला नको, बाजूच्या भिंतीला, म्हणजे गरम वाटल्यास किड्यांना दूर सरकता येते. लाइट गेली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, रात्र निघते. पिवळा बल्ब लावायचा जुगाड करू नये, आणि कापूस किंवा कुटार साठवलेल्या खोलीत तर नाहीच. एक ठिणगी पुरते.

उन्हाळ्यात उलटं. हवा कोरडी असते तोवर ओलं पोतं काम करते: लाकडी घोडी उभी करून तिच्यावर ओलं बारदान टाका, डबा तिच्या आत, पोतं डब्याला टेकू देऊ नका. पाऊस पडल्यावर हवेतच ओल असते, तेव्हा पोतं गारवा देत नाही, फक्त बुरशी देते. विटा-वाळूचा शीतकक्ष भाजीला उत्तम, किड्यांना नाही. आत आर्द्रता नव्वद टक्क्यांजवळ जाते आणि कोंड्यात परत माइट.

वर्धेकाठचा

ताई, दादा, भाऊ, खूप आभार. जाळी आजच आणतो. मुंग्यांचं राहिलं, रात्री लाल मुंग्या डब्यात शिरतात. आणि नाकतोड्यांचं कोणी बोललं नाही.

कवेलूघर

स्टुलाचे चारही पाय वाट्यांत, वाट्यांत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. पाणी मेमध्ये संध्याकाळपर्यंत आटते. स्टूल भिंतीला टेकलं किंवा मॅटची वायर जमिनीवर लोंबली तर त्या पुलावरून मुंग्या येतीलच. मुंग्यांची पावडर, खडू, मच्छर मारायची लिक्विड मशीन, कॉइल, काहीही त्या खोलीत नको. ग्रामपंचायतीचं धुराचं यंत्र आलं तर डबे आधीच दुसऱ्या घरात न्या.

शेवगा_पुसद

नाकतोड्यांवर माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीनं शेतकरी दगावले, तिथं किड्याच्या अंगावर काय असेल याचा विचार करा. आणि फवारणी बंद असतानाही धोका असतो: बीटी कपाशीचं बियाणं बहुधा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया करूनच येतं, हे आंतरप्रवाही औषध कोवळ्या झाडात उतरतं आणि पानातून ते खाणाऱ्या किड्यात. तुमच्या वावरात मारलं नसेल, शेजारच्या वावरात मारलं असेल. नाकतोडा धुरा (बांध) पाहून उडत नाही.

शिवाय काही किडे मुळातच विषारी. रुईवरचा निळा-पिवळा नाकतोडा रुईचं विष अंगात साठवतो. तुरीच्या, मुगाच्या फुलांवर बसणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे भुंगे, ज्यांच्या स्रावानं माणसाच्या कातडीला फोड येतात, तेही नाहीत. आणि काजवा कधीच नाही. एकदोन काजव्यांनीही बिअर्डेड ड्रॅगन मरतो.

गावातलेच काळे रातकिडे बीज म्हणून धरायचे असतील तर धरा. पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असतात तो. युरोप-अमेरिकेत पांढरट-तपकिरी घरगुती रातकिड्यांच्या फार्मवर डेन्सोव्हायरसनं साथी आल्या, त्याला हा काळा बराच दाद देत नाही. पण चावरा आहे, आणि पकडलेली जोडी खाऊ घालायची नाही. त्यांच्या अंड्यांतून निघालेली, तुमच्या डब्यात वाढलेली पिढी द्यायची. रात्री न खाल्लेले रातकिडे ड्रॅगनच्या पेटीत सोडून ठेवू नका, झोपलेल्या ड्रॅगनला कुरतडतात.

आता कॅल्शियम. बहुतेक किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कैक पट असतो, म्हणून नुसत्या किड्यांवर ड्रॅगनची हाडं मऊ पडतात: जबडा रबरासारखा होतो, पाय थरथरतात, अंग उचलून चालता येत नाही. असं दिसलं तर पावडर वाढवत बसू नका, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा.

स्वस्त कॅल्शियम कार्बोनेट दोन ठिकाणी मिळतं. एक, अंड्याची टरफलं: आतला पापुद्रा काढा, दहा मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करा. दोन, आयुर्वेदिक दुकानातलं समुद्रफेन. ते आधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवा, खारटपणा जातो. फळ्याचा खडू वापरू नका, तो बहुधा जिप्समचा असतो. पिशवीत पाच-सहा किडे, चिमूटभर पूड, हलवायचं आणि लगेच द्यायचं. थोड्या वेळात किडे अंग साफ करून टाकतात. पिलाला जवळपास रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. टरफलात व्हिटॅमिन डी-३ नसतं. ते यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्यातून किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतून. काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी.

त्याहून महत्त्वाचं, किड्याचं पोट भरणं. द्यायचे तेवढे किडे एक-दोन दिवस आधी वेगळे काढा, त्यांच्या १०० ग्रॅम कोरड्या खाण्यात २५ ग्रॅम ती पूड मिसळा, म्हणजे खाण्यात साधारण आठ टक्के कॅल्शियम होतं. सोबत ओला कापूस आणि शेवग्याचा पाला, लाल कोहळं, रताळं. पालक नको, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम धरून ठेवतं. हे जादा कॅल्शियमचं खाणं पैदाशीच्या डब्यात कधीही घालू नका, किडे मरायला लागतात. बाजारचं गाजर सोलूनच. संत्र्याच्या बागेतला, कपाशीच्या धुऱ्यावरचा पाला तोडू नका, अंगणातल्या न फवारलेल्या शेवग्याचाच घ्या.

रातराणी_अकोट

एक राहिलं. पिलाला किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. तीन महिन्यांच्या पिलाला दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे लहान रातकिडे. मीलवर्म त्याला सध्या देऊ नका, कवच जाड असतं आणि ऊब कमी पडली तर पोटात अडकतं. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा किडे, बाकी पाला. मीलवर्म आणि सुपरवर्म चरबीचे, रोज दिले की तो रातकिड्यांकडे पाहत नाही.

डुबियावाला_वरुड

आणि मीलवर्मची टोपली धान्याच्या कोठीजवळ नको. तो मुळात धान्याचाच किडा, सुटला तर गव्हात जाईल आणि घरचे तुमच्यासकट सगळं बाहेर फेकतील.

वर्धेकाठचा

कोंडा ताडपत्रीवर टाकला आहे. पिलासाठी अंड्यांचे दोन डबे लावतो, एक आता, एक आठवड्यानं. डुबियाच्या चाळीस माद्या एकदम परवडणार नाहीत, पंधरा माद्या आणि चार नरांनी सुरुवात केली तर हिवाळ्यापर्यंत काही हाती लागेल का?

डुबियावाला_वरुड

मेमध्ये आणल्या तर पहिली पिल्लं जुलै-ऑगस्टात दिसतील, ती मोठी होईस्तोवर डिसेंबर-जानेवारी. तोवर रातकिड्यांवरच चालवा. आणताना पूर्ण वाढलेल्या माद्या मागा. मिसळलेले लहान-मोठे घेतले तर सहा महिने अजून पुढे. पार्सल नको, नागपूरला गेलात की स्वतः घेऊन या, सकाळच्या गाडीनं, पुठ्ठ्याच्या ट्रेसकट.